वाचलेले पाणी

साहित्य शिकवणाऱ्यांनी ठिबक सिंचनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो आणि शिकवतो, तेथे कोणत्याही विषयावरचे बोलणे मार्च उजाडला की पाण्यावर येऊन थांबते. आम्ही दोघेही, पती-पत्नी, नंदुरबार जिल्ह्यातील एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची मुले असतात, तशी सातपुड्याच्या कुशीतली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतलीही असतात. त्यांच्या निबंधांत पाणी हा शब्द वारंवार येतो. मात्र प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. गेली काही वर्षे आमच्या घरातही पाण्याच्या अर्थावरून एक वाद चालला आहे. तो वाद शेतीचा आहे, पैशाचा आहे आणि काही अंशी एका क्रियापदाचाही आहे.

ते क्रियापद म्हणजे 'वाचणे'. आपण पुस्तक वाचतो आणि आजारातून माणूसही वाचतो. जुन्या लेखनात जगण्या-तरण्याचे वाचणे अनुस्वारासह 'वांचणे' असे लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि तरणे व पठण करणे ही दोन्ही एकाच रूपात नांदू लागली. आम्हांला कुतूहल आहे ते या दुसऱ्या, तरण्याच्या वाचण्याचे. 'पाणी वाचले' आणि 'झाड वाचले' ही दोन वाक्ये मराठीत एकाच घडणीची आहेत. दोन्हींत काहीतरी नाशापासून बचावले असे आपण म्हणतो. कोरडवाहू मुलखातल्या फळबागेसाठी ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासावे असे आम्हांस वाटले.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पावसाच्या बाबतीत एकजिनसी नाही. नवापूर आणि सातपुड्याच्या बाजूला पाऊस बरा पडतो, पण उतारावरून तो तितक्याच वेगाने निघून जातो. तापीकाठची शहादा-तळोद्याची काळी जमीन केळी आणि पपईसाठी ओळखली जाते. नंदुरबार तालुक्याचा पूर्वेकडचा भाग मात्र हलक्या, मुरमाड जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. आमची वडिलोपार्जित शेती या पूर्वभागात आहे. थोरले दादा ती कसतात. दोन एकर सीताफळ, एक एकर लिंबू, उरलेल्यात कापूस नाही तर ज्वारी. एक विहीर आणि एक कूपनलिका.

पाण्यासंबंधीची आमच्या घरातली जुनी भाषा दारे धरण्याची होती. मोटर सुरू झाली की पाट वाहू लागे. एका वाफ्याचे तोंड फोडायचे, भरला की ते बुजवून पुढच्याचे फोडायचे. हे काम रात्रीचे, कारण वीज रात्रीची. पिकाला पाण्याची पाळी देणे म्हणजे 'बारे' देणे. झाडाभोवती गोल 'आळे' करायचे आणि त्यात पाणी तुंबवायचे. आणि या सगळ्याच्या शेवटी ज्याची वाट पाहायची तो 'वाफसा'. जमीन ओली आहे पण चिखल नाही, तिच्यात पाणीही आहे आणि हवाही आहे, मुळांना श्वास घेता येतो आहे, अशा अवस्थेचे हे नाव. एवढ्या नेमक्या अवस्थेसाठी आपल्या भाषेत एकच सुटसुटीत शब्द असावा, याचा आम्हांला शिक्षक म्हणून अभिमान वाटतो. पाटपाण्यात वाफसा येतो आणि जातो. पाणी दिले की दोन दिवस मुळे गुदमरतात, मग काही दिवस सुखाचे, मग ताण. ठिबकचे मर्म हेच, की थोडे थोडे पाणी रोज देऊन मुळांपाशी वाफसा टिकवून धरायचा.

ठिबकणे हे क्रियापद जुनेच आहे आणि थेंबाथेंबाने ओल देण्याची कल्पनाही जुनी आहे. शिवाच्या पिंडीवर टांगलेल्या पात्राला आपल्याकडे 'गळती' म्हणतात. धरणाची गळती हा दोष आणि देवळातली गळती हा उपचार, शब्द तोच. आजच्या अर्थाचे ठिबक मात्र इस्रायलमधून आले. सिम्खा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेवर १९६५ साली हात्सेरीमच्या किबुत्झमध्ये नेताफिम ही कंपनी सुरू झाली. खानदेशात ते घरोघरच्या बोलण्यात आणले जळगावच्या भवरलाल जैन यांनी. आज आमच्या भागात 'नळ्या अंथरल्या का?' या प्रश्नाला स्पष्टीकरण लागत नाही.

या नळ्यांनी काय साधते ते आकड्यांत पाहणे बरे. एक एकर क्षेत्रावर एक इंच उंचीचे पाणी उभे करायचे तर सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागते. त्याच एकरात सोळा फुटांवर सीताफळ लावले तर साधारण १७० झाडे बसतात. प्रत्येक झाडाला दिवसाला २० लिटर पाणी दिले तरी एकराला ३,४०० लिटर होतात. पाटाचे पाणी बऱ्याच दिवसांसाठी एकदाच दिलेले असते, ठिबकचे रोजचे असते; म्हणून ही तुलना सरळ नाही. तरीही महिनाभराचा हिशेब धरला, तर दोन झाडांमधली उघडी जमीन भिजवण्यात जाणारे पाणी टळते हे उघड दिसते. तण कमी होते, खत पाण्यातून देता येते, रात्रीचे जागरण संपते. पपईसारख्या झाडाला तर बुंध्याशी तुंबलेले पाणी सोसतच नाही, मुळे कुजतात. तिच्यासाठी ठिबक हा जवळजवळ नेमून दिलेला पथ्याहार आहे.

त्याचेही एक शास्त्र आहे आणि ते दुर्लक्षून चालत नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षार तोट्यांत साचतात, म्हणून गाळण्या धुवाव्या लागतात आणि अधूनमधून आम्लाची प्रक्रिया करावी लागते. उन्हाळ्यात तहानलेल्या खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात. रोप लहान असताना तोटी बुंध्याजवळ हवी. झाड वाढले की ती फांद्यांच्या घेराच्या कडेकडे सरकवायला हवी, कारण पाणी पिणारी कोवळी मुळे तेथे असतात. तोटी आहे तेथेच ठेवली, तर मुळेही तेवढ्याच ओल्या गोळ्यात राहतात आणि झाड नळीवर अवलंबून होते.

आमच्या शेतात ठिबक बसले त्या वर्षी पूर्वी फेब्रुवारीअखेर तळ गाठणारी विहीर एप्रिलपर्यंत पुरली. घरात आनंद झाला. पुढच्याच बैठकीत दादांनी सांगितले की पाणी वाचले आहे, तर आणखी तीन एकरांवर पपई लावू. त्यांचा हिशेब चोख होता. सीताफळाची आणि लिंबाची कमाई धीमी. पपई वर्षाच्या आत फळाला येते. पुतणीचे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू होते, सोसायटीचे कर्ज होते. "नळ्यांना पैसा आपण घातला, राबलो आपण," ते म्हणाले, "मग वाचलेल्या पाण्याचा धनी दुसरा कोण?"

या प्रश्नाचे एक उत्तर काही दिवसांनी नाल्याच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्याकडून आले. भांडायला म्हणून तो आला नव्हता, चहा घेता घेता म्हणाला, "दादा, पूर्वी तुम्ही पाट सोडला की दोन-चार दिवसांनी माझ्या विहिरीला पाझर यायचा. आता तुमचं शेत पाणी सोडतच नाही." त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पाटपाण्यात जे 'वाया' जाते असे आम्ही म्हणत होतो, त्यातले काही उन्हाने खरोखर उडून जात होते. पण काही भूमीत मुरून दुसऱ्याच्या विहिरीत उगवत होते. आमच्या वहीत जी गळती, ती त्याच्या वहीत आवक होती.

हा अनुभव आमच्याच बांधापुरता नाही. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी लिहिताना दाखवले होते, की यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. पाण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१७चा एक अहवाल आणि 'सायन्स' नियतकालिकातला २०१८चा एक लेख याच निष्कर्षाकडे जातात: सुधारित सिंचनाने शेतातली कार्यक्षमता वाढते, पण उपशावर मर्यादा नसेल तर खोऱ्यातले पाणी वाचतेच असे नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढते किंवा अधिक तहानेचे पीक येते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतले 'प्रति थेंब अधिक पीक' हे घोषवाक्य आम्ही एकदा वर्गात फळ्यावर लिहून मुलांना त्याचे विवरण करायला सांगितले. एका मुलीने अचूक सांगितले: "सर, यात पीक जास्त येईल असं म्हटलंय, थेंब कमी लागतील असं कुठे म्हटलंय?" घोषवाक्य खोटे नाही. ते प्रत्येक थेंबाविषयी बोलते, थेंबांच्या बेरजेविषयी बोलत नाही, एवढेच.

बेरजेचा विचार करणारी एक व्यवस्था आमच्याच मुलखात होती, हे सांगायला हवे. पांझरा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे १९९८ पर्यंत जो आमचाच जिल्हा होता त्या धुळ्यात, शतकांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका वेळी एकच पीक. एका वर्षी उसाचा असलेला फड पुढे हंगामी पिकाचा होई. शेतकऱ्याची जमीन सहसा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडे ठेवायचे. त्यामुळे टंचाई एकाच्या वाट्याला न जाता सगळ्यांत वाटली जाई. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला. येथे पाणी पाटाने आणि आळ्यानेच दिले जाई, ठिबकच्या मानाने उधळेपणानेच. पण कमी पडले तर काय करायचे, हे आधी ठरलेले होते.

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. १९७४ पासून तो आकाराला आला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या डोक्यावर दिला गेला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस वर्ज्य. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जाणार नाही. दादांनी विचारलेल्या 'धनी कोण' या प्रश्नाला साळुंख्यांनी दिलेले हे उत्तर होते. अशी उत्तरे नळीच्या वेष्टनावर छापलेली नसतात. ती माणसांनी एकत्र बसून द्यावी लागतात.

आता थोडे डोंगराकडे पाहू, कारण तेथे 'वाचणे' या शब्दाचा दुसरा अर्थ ठळक होतो. धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने 'माझे घर' या विषयावर लिहिताना आंब्याच्या सात कलमांविषयी लिहिले होते. उतारावर लावलेल्या त्या कलमांशेजारी त्याच्या आजीने मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. खाली झऱ्यावरून डोक्यावर आणलेले पाणी दर तीन-चार दिवसांनी मडक्यांत ओतायचे आणि वर झाकण ठेवायचे. न भाजताच फुटेल इतके कच्चे नाही आणि झिलई दिलेलेही नाही, असे हे मडके पाझरते. भोवतालची माती कोरडी असेल तर ते अधिक पाणी सोडते, ओली असेल तर हात आखडते. वीज नाही, गाळणी नाही, तोटी नाही. मातीची तहानच पाण्याचे माप ठरवते. चीनमधल्या ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या एका कृषिग्रंथात ही पद्धत नोंदलेली आहे. शेजारच्या दक्षिण गुजरातेत वांसदा येथे बायफ संस्थेने १९८२ पासून आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी' उभी केली. एकरभर फळझाडे आणि कडेने वनवृक्ष अशी तिची रचना. तेथेही कलमांचे पहिले दोन-तीन उन्हाळे हाच खरा कसोटीचा काळ. तेवढे निभावले की आंब्याची मुळे खोल जातात आणि झाड आपले पाणी आपण शोधू लागते.

त्या आजीला पाणी वाचवायचे नव्हते. तिच्यापाशी वाचवण्याइतके पाणी नव्हतेच. तिला झाड वाचवायचे होते. सातांपैकी पाच कलमे वाचली, असे त्या मुलाने लिहिले होते. अक्राणीत घरोघर कैऱ्या चिरून वाळवून आमचूर करतात. म्हणून पाच आंबे म्हणजे त्या घराला दरसालचे रोख पैसे. आणि याच डोंगरांच्या पायथ्याशी नर्मदेचे पाणी तुंबलेले आहे. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे गेली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी पूर्ण उंचीला चढायला मोकळे झाले. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.

डोंगरातले दुसरे झाड सीताफळाचे. अमेरिकेतून आलेले हे झाड येथल्या खडकाळ उतारांत असे रुजले की आता ते परके वाटतच नाही. उन्हाळ्यात ते पाने टाकते, जवळजवळ निजते, आणि पावसाबरोबर फुटते. पाणी नसताना मागणेच कमी करायचे, ही त्याची रीत. ना. धों. महानोरांनी अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्याला सीताफळाच्या बागा केल्या, हे आम्ही 'रानातल्या कविता' (१९६७) शिकवताना मुलांना आवर्जून सांगतो. २०२३ साली ते गेले तेव्हा बहुतेकांनी त्यांची गाणी आठवली. पण विधान परिषदेत पाणी आणि फळबागा यांविषयी बोलणारा कवी म्हणूनही त्यांची आठवण ठेवायला हवी. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली, तेव्हा कोरडवाहू जमिनीवर झाडे उभी करणे हा सार्वजनिक कामाचा भाग झाला. त्याही आधी, १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी लष्करातील आणि पोलिसातील माणसे लावून असे बांध घालावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरत जाईल, असे सुचवले होते. त्यांची दृष्टी पाणी मुरण्यावर होती. मुरलेले पाणी कोणा एकाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

आमच्या घरातल्या वादाचे पुढे काय झाले ते सांगतो. दादांनी तीन एकरांऐवजी एक एकर पपई लावली. उरलेल्या दोन एकरांत पावसावरची ज्वारी राहिली. नाल्याच्या बाजूच्या आणखी दोन शेतकऱ्यांशी बोलून असे ठरले, की विहिरींचे पाणी एका खुणेच्या खाली गेले की हंगामी पिकाला मोटर लावायची नाही. उरेल ते फक्त फळझाडे जगवण्यापुरते द्यायचे. झाडांच्या आळ्यांत पाचटाचे आणि गवताचे आच्छादन घालायला त्याच वर्षी सुरुवात झाली. पहिला उन्हाळा हा करार सगळ्यांनी पाळला. दुसऱ्या उन्हाळ्यात एकाने नवी कूपनलिका घेतली आणि तो बाजूला झाला. त्याच्या घरी लग्न होते, त्याला पैसा हवा होता. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पगारदार माणसांनी तर ते मुळीच करू नये. पुतणीची फी आम्ही भरू शकलो म्हणून दादांना दोन एकर थांबता आले, हेही येथे नोंदवले पाहिजे. संयमाला आधार लागतो, आणि तो प्रत्येकाच्या घरात नसतो.

तेव्हा 'पाणी वाचले' हे वाक्य अपुरे आहे, असे आमचे मत झाले आहे. व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण असेल. पण कोणासाठी वाचले, हे त्यात सांगितलेले नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवण्याची शर्थ झाली आणि तरी पुष्कळ बागा वाळल्या. तेव्हा नळ्या शेतांत अंथरलेल्याच होत्या. त्यांत सोडायला पाणी नव्हते. ठिबक हे उत्तम साधन आहे आणि आमच्या शेतातल्या नळ्या आम्ही काढणार नाही. परंतु त्याने वाचवलेल्या पाण्यातला काही भाग भूमीत, शेजाऱ्याच्या विहिरीत आणि पुढच्या वाईट वर्षासाठी राहू द्यायचा की नाही, हे नळी ठरवत नाही.

आमच्या वर्गात पुढच्या वर्षीही दोन्हीकडची मुले येतील. काहींच्या घरी पपईसाठी ठिबकचे संच असतील, काहींच्या घरी कलमांशेजारी पुरलेली मडकी असतील. 'वाचणे' या क्रियापदाची रूपे त्यांच्याकडून करून घेताना, कर्ता कोण आहे हे पाहा, असे आम्ही नेहमी सांगतो. आता त्याला जोडून चतुर्थीचाही प्रश्न विचारावा असे ठरवले आहे: कोणासाठी?